दम धरून बसलेले बी

लेट्यूसचे बी तळहातावर घेतले तर त्याचा भार जाणवत नाही. तीन-चार मिलिमीटर लांबीचे, दोन्ही टोकांना निमुळते, अंगावर उभ्या बारीक रेघा असलेले हे बी एका ग्रॅममध्ये आठशे ते हजार भरते. काही वर्षांपूर्वी ते पहिल्यांदा पेरले तेव्हा, बी जितके खोल तितके सुरक्षित अशा समजुतीने मी त्यावर बोटाच्या दोन पेरांइतकी माती लोटली, नेमाने पाणी घातले आणि वाट पाहिली. दोन आठवडे गेले, तीन गेले, काहीही उगवले नाही. बी जुने निघाले असा निष्कर्ष काढून मी तो वाफा सोडून दिला. पुढे महिन्याभराने दुसरे काही लावायचे म्हणून तीच माती खुरप्याने उकरून खालीवर केली, आणि पाच-सहा दिवसांत वाफ्यात जागोजागी लेट्यूसची दोन-दोन पानांची रोपे वर आली. बी जुने नव्हते आणि मेलेले तर नव्हतेच. पाणी, ऊब आणि हवा हे सगळे मिळत असतानाही ते महिनाभर मातीत थांबले होते.

त्याला काय हवे होते हे लवकरच वाचून कळले. या बियांच्या अनेक वाणांना रुजण्यासाठी प्रकाश लागतो. पण तेवढ्या उत्तराने समाधान झाले नाही. बियाला प्रकाश कशासाठी लागावा? त्याच्याकडे पाने नाहीत, हरितद्रव्याने चालणारे स्वयंपाकघर नाही, आणि पहिल्या काही दिवसांची शिदोरी तर त्याने आईच्या झाडाकडूनच बांधून आणलेली असते. शिवाय भिजून फुगलेल्या बियाला महिनाभर थांबवून धरते ते कोण?

न रुजलेल्या बियाला आपण सहज 'झोपलेले' म्हणतो. ही उपमा मला पटत नाही. पाणी शोषलेले बी श्वसन करत असते, झालेली मोडतोड दुरुस्त करत असते, नवी प्रथिने घडवत असते. ते पूर्ण तयारीत असते आणि तरीही स्वतःला आवरून धरते. मराठीत यासाठी 'दम धरणे' हा नेमका शब्द आहे, आणि दम धरायला झोप चालत नाही, जाग लागते.

हे आवरून धरण्याचे काम प्रामुख्याने ॲब्सिसिक आम्ल नावाच्या संप्रेरकाकडे असते. बी आईच्या झाडावर पक्व होत असतानाच ते त्यात साठते, आणि गर्भ पूर्ण घडलेला असला तरी त्याला तिथेच रुजू देत नाही. हे संप्रेरक तयार करण्याची किंवा त्याचे म्हणणे ऐकण्याची क्षमता बिघडलेले मक्याचे काही वाण ज्ञात आहेत. त्यांचे दाणे सुकण्याची वाटच पाहत नाहीत. कणसावर असतानाच त्यांना कोंब फुटतात. असे कणीस पाहिले की रुजणे ही बियाची मूळ ओढ आहे आणि थांबणे ही त्याने कमावलेली गोष्ट आहे, हे लगेच लक्षात येते.

या संप्रेरकाच्या विरुद्ध बाजूने दोर ओढणारे संप्रेरक म्हणजे जिबरेलिन, आणि त्याचा शोध लागला तो भातावरच्या एका रोगामुळे. जपानी शेतकरी त्या रोगाला 'बाकानाए', म्हणजे मूर्ख रोप, असे म्हणत, कारण रोगट रोपे इतर रोपांच्या डोक्यावरून भराभर उंच होत आणि मग दाणा न धरताच कोलमडत. तैवानात काम करणाऱ्या एइइची कुरोसावा यांनी 1926 साली दाखवून दिले की रोगाची बुरशी स्वतः नसली तरी चालते. ती ज्या द्रवात वाढवली, तो द्रव गाळून निरोगी रोपांना दिला तरी रोपे तशीच वेडीवाकडी उंच होतात. म्हणजे बुरशी काहीतरी सोडत होती. 1935 साली तेइजिरो याबुता यांनी जिबरेला या बुरशीच्या नावावरून त्या द्रव्याला जिबरेलिन हे नाव दिले. पुढे कळले की वनस्पती ते स्वतःच, अत्यंत मोजून मापून, तयार करत असतात. बुरशीने रोपाचीच भाषा उचलली होती आणि ती आरडाओरडा करून बोलत होती.

जवाच्या दाण्यात जिबरेलिनचे काम फार सुबकपणे दिसते. दाणा भिजला की आतला गर्भ जिबरेलिन सोडतो; ते पिठाळ भागाभोवतीच्या पेशींच्या पातळ थरापर्यंत पोहोचते; तो थर अमायलेज हे विकर तयार करून आत सोडतो; आणि त्या विकराने पिठाची साखर होऊन गर्भाला मिळू लागते. दाणा अर्धा कापून गर्भाचा भाग काढून टाकला तर उरलेला अर्धा पिठासकट तसाच पडून राहतो, पण त्याला बाहेरून जिबरेलिन द्या, तो कामाला लागतो. लेट्यूसमध्ये अडचण वेगळी असते. तिथे गर्भाभोवती एक पातळ पण चिवट पिशवी असते आणि आदिमुळाला, म्हणजे गर्भाच्या पहिल्या मुळाला, तिच्यातून वाट काढावी लागते. ही पिशवी सोलून गर्भ उघडा केला तर तो काळोखातही वाढू लागतो. अख्ख्या बियाला जिबरेलिनच्या द्रावणात भिजवले तरीही ते अंधारात रुजते, हे 1957 साली सिद्ध झाले. जिबरेलिन एकीकडे गर्भाचा रेटा वाढवते आणि दुसरीकडे पिशवीची भिंत मऊ पाडते. म्हणजे प्रकाश जे साधतो तेच जिबरेलिन साधते. या दोघांमध्ये काहीतरी नाते असले पाहिजे.

ते नाते समजण्याआधी प्रकाशाचा धागा हाती यावा लागला, आणि तो आला तो अमेरिकेच्या कृषी खात्याच्या बेल्ट्सव्हिल येथील संशोधन केंद्रात. 1930 च्या दशकातच फ्लिंट आणि मॅकॲलिस्टर यांना दिसले होते की लाल प्रकाशाने लेट्यूसचे बी रुजते आणि त्याहून लांब लहरींच्या, डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या प्रकाशाने ते अडते. या दुसऱ्या प्रकाशाला मी इथे दूर-लाल म्हणतो; पहिल्याची तरंगलांबी सुमारे 660 नॅनोमीटर, दुसऱ्याची सुमारे 730. 1952 साली हॅरी बॉर्थविक, स्टर्लिंग हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'ग्रँड रॅपिड्स' या वाणाचे बी अंधारात भिजवले आणि त्यावर हे दोन प्रकाश आलटून पालटून टाकले: एक मिनिट लाल, चार मिनिटे दूर-लाल, पुन्हा लाल, पुन्हा दूर-लाल. त्यांच्या एका मालिकेत शेवटचा झोत लाल असला की शंभरातील 70 ते 81 बिया रुजल्या, आणि शेवटचा झोत दूर-लाल असला की जेमतेम 6-7. आधी किती वेळा काय टाकले, याने फरक पडला नाही. बी मोजदाद ठेवत नव्हते, ते फक्त शेवटचा निरोप पाळत होते.

हा प्रयोग मी पुन्हा पुन्हा वाचतो, कारण त्याचे साधेपण मला थक्क करते. रंगीत गाळण्या, दिवे, ओल्या कागदावरच्या बिया आणि मोजणी, एवढ्या सामग्रीवर त्या मंडळींनी पैज लावावी तसे विधान केले: बियाच्या आत एक रंगद्रव्य आहे, त्याची दोन रूपे आहेत, लाल प्रकाश त्याला एका रूपात नेतो आणि दूर-लाल परत आणतो. ते रंगद्रव्य तेव्हा कोणी पाहिलेले नव्हते. 1959 साली अंधारात वाढवलेल्या मक्याच्या कोवळ्या रोपांत ते उपकरणाने खरोखर पकडले गेले, आणि त्याला फायटोक्रोम, म्हणजे वनस्पतीचा रंग, हे नाव मिळाले. ते निळसर असते. रोपात त्याचे प्रमाण इतके अत्यल्प असते की त्याचा रंग नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

लाल आणि दूर-लाल हीच जोडी का, याचे उत्तर बियाच्या डोक्यावर काय आहे यात आहे. हिरवे पान लाल प्रकाश शोषून घेते, पण दूर-लाल प्रकाश त्याच्या काहीच उपयोगाचा नसल्याने तो आरपार जाऊ देते. मोकळ्या उन्हात लाल प्रकाश दूर-लालपेक्षा थोडा अधिक, साधारण 1.2 पट असतो. दाट पानोळ्याखाली तेच प्रमाण एक-दशांशाच्या आसपास घसरते. म्हणजे फायटोक्रोमच्या दोन रूपांचा तोल ही वर मोकळे आकाश आहे की कोणाची तरी सावली आहे, याची बातमी असते. आदिमूळ एकदा बाहेर पडले की परतीची वाट नसते, आणि ज्या बियाची शिदोरी एका मिलिग्रॅमहून जास्त नाही, त्याला मोठ्या झाडाच्या सावलीत उगवून जगणे अशक्य असते. माझ्या वाफ्यातील बी उपाशी नव्हते. त्याला प्रकाश हवा होता तो बातमी म्हणून.

ही बातमी आत पोहोचते ती मोठ्या वळणावळणाने. लाल प्रकाशाने फायटोक्रोम आपल्या सक्रिय रूपात गेले की ते पेशीकेंद्रकात शिरते. तिथे पीआयएफ नावाच्या प्रथिनांचा एक गट असतो, ज्यातले पहिले 1998 साली सापडले. बियामध्ये त्यांतील पीआयएफ-1 पहारा देते: ते जिबरेलिनची निर्मिती दाबून ठेवते, ॲब्सिसिक आम्लाची पातळी चढी ठेवते आणि डेला नावाच्या प्रथिनांना बळ देते. डेला प्रथिने म्हणजे वाढीवरची थेट वेसण. सक्रिय फायटोक्रोम पीआयएफ-1 ला धरते आणि त्याचा नाश घडवून आणते. पहारेकरी गेला की जिबरेलिन तयार होऊ लागते, ते आपल्या ग्राहीवर बसते आणि ती जोडी डेला प्रथिनांना पकडून पेशीच्या विल्हेवाट यंत्रणेकडे पाठवते. हा ग्राही 2005 साली जपानमधील नागोया विद्यापीठातील संशोधकांना सापडला तो भातातच. ज्या पिकाने जिबरेलिनची पहिली ओळख करून दिली त्यानेच, जवळजवळ ऐंशी वर्षांनी, ते ऐकणारा कानही दाखवला.

या साखळीत रुजण्याचा हुकूम कुठेच सुटत नाही, ही गोष्ट मला सर्वांत विलक्षण वाटते. प्रकाश गर्भाला 'वाढ' असे सांगत नाही. तो अडवणाऱ्याला बाजूला करतो, त्यामुळे त्याच्या पुढचा अडवणारा बाजूला होतो, आणि वाढ तर आधीपासूनच दबा धरून असते. डेलाची वेसण सुटूच नये अशी वाणे माणसाने शेतात मुद्दाम जपली आहेत. हरितक्रांतीतील बुटक्या गव्हाचे बुटकेपण डेलाच्याच एका बदललेल्या रूपाने आलेले आहे. जिबरेलिन त्याला ओळखत नाही, म्हणून तो गहू उंच होत नाही आणि जड कणसानेही लोळत नाही. ज्या दोरीचे एक टोक मूर्ख रोपाकडे आहे तिचेच दुसरे टोक या गव्हाकडे आहे.

मातीत गाडल्या गेलेल्या बियांची प्रकाशाबद्दलची संवेदना काळाबरोबर आणखी तीव्र होत जाते. धोतऱ्याच्या एका जातीवरील प्रयोगांत असे दिसले की बराच काळ पुरलेल्या बियांना सेकंदाच्या सहस्रांशाच्या मापाचे ऊनही जागे करायला पुरते. माती उलटताना ढेकळाबरोबर एखादे बी वर येते, क्षणभर उजेड पाहते आणि पुन्हा खाली दडते, तेवढे त्याला बस होते. माझ्या खुरप्याने त्या दिवशी नेमके हेच केले असणार. यावरूनच नांगरट रात्री केली तर तण कमी उगवेल अशी कल्पना निघाली आणि ती अनेकांनी करूनही पाहिली. काही शेतांत तण पुष्कळ घटले, काही ठिकाणी फरक जेमतेम दिसला, कारण सगळ्याच बिया प्रकाशाच्या भरवशावर नसतात. मोठ्या, भरपूर शिदोरीच्या बियांना प्रकाशाची पर्वा नसते. फॅसेलियासारख्या काहींना तर उजेडच अडवतो. त्या मातीखाली झाकल्या गेल्या तरच रुजतात.

बी रुजले की आवरून धरण्याचा दुसरा अध्याय सुरू होतो, आणि तो पाहण्यासाठी मी मोहरीच्या दोन थाळ्या केल्या. सारखेच बी, सारखाच ओला टीपकागद. एक थाळी खिडकीत, दुसरी बंद कपाटात, वरून खोका उपडा घातलेली. सहाव्या दिवशी कपाट उघडले. खिडकीतली रोपे बोटाच्या पेराएवढी, आखूड आणि ताठ, आणि त्यांची बदामाच्या आकाराची बीजदले गर्द हिरवी झाली होती. खोक्याखालची रोपे तिप्पट उंच होती, दांडे पांढरे आणि काचेसारखे पारदर्शक, आणि प्रत्येक दांड्याचे टोक आकड्यासारखे खाली वळलेले. त्या आकड्याच्या आत दोन फिकट पिवळी बीजदले एकमेकांवर मिटलेली होती. भिंगातून पाहिले तेव्हा ती जोडलेल्या दोन तळव्यांसारखी घट्ट बसलेली दिसली. पुढे सरकत होता तो दांड्याचा वाकलेला कणा. कोवळे टोक त्याच्या मागे, आडोशाला होते. डोक्यावर माती असती तर तिचे घाव त्या कण्याने झेलले असते.

हा आकडा घट्ट ठेवण्यात इथिलीन या वायुरूप संप्रेरकाचा मोठा वाटा असतो. दिमित्री नेल्युबोव या सेंट पीटर्सबर्गमधील तरुण संशोधकाला प्रयोगशाळेत अंधारात वाढवलेले वाटाणे आखूड, जाड आणि आडवे वाढताना दिसले. बाहेरच्या हवेत तेच वाटाणे सरळ वाढत. दोष प्रयोगशाळेच्या हवेत होता. दिव्यांसाठी आणलेला वायू तिच्यात मिसळत होता, आणि त्यातील इथिलीन हा घटक हे सारे घडवतो असे त्याने 1901 साली दाखवून दिले. मातीत अडलेले रोप हाच वायू स्वतः तयार करते. वर ढेकूळ लागले की इथिलीन वाढते, दांडा जाड होतो, आकडा अधिक घट्ट मिटतो आणि रोप अधिक नेटाने रेटा देते. आकड्याची आतली आणि बाहेरची बाजू असमान वाढते ती ऑक्सिनच्या असमान वाटणीमुळे. हे तेच संप्रेरक, ज्याचा माग चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी 1880 साली प्रकाशाकडे वाकणाऱ्या गवताच्या कोंबांमध्ये घेतला आणि जे फ्रिट्स वेंट यांनी 1920 च्या दशकात ओटच्या कोंबाच्या शेंड्यातून आगर या जेलीसारख्या पदार्थाच्या तुकड्यात उतरवून दाखवले.

खोक्याखालच्या त्या फिकट रोपांकडे पाहून कोणालाही वाटेल की उजेडाअभावी यांची वाढ बिघडली आहे. मलाही तसेच वाटले असते. पण मोहरीच्याच कुळातील अरॅबिडॉप्सिस या चिमुकल्या वनस्पतीची काही बदललेली वाणे 1989 पासून पुढच्या काही वर्षांत सापडली, आणि त्यांनी हा समज मोडला. ती पूर्ण काळोखात वाढवली तरी आखूड राहतात, आकडा उघडतात, बीजदले पसरतात, जणू ती भर उन्हात उभी आहेत. त्यांच्यात काही अधिकचे आलेले नव्हते. उलट एक-एक जनुक निकामी झाले होते. अशा एका जनुकाचे प्रथिन, कॉप-1, अंधारात पेशीकेंद्रकात बसून उजेडातील वाढ चालवणारी प्रथिने एकामागून एक नष्ट करत राहते, आणि प्रकाश आला की त्याचे हात बांधले जातात. दुसऱ्या एका वाणात ब्रासिनोस्टेरॉइड हे संप्रेरकच तयार होत नव्हते, हे 1996 साली उलगडले. म्हणजे अंधारातले ते लांबलचक, मिटलेले रूप टिकवायलाही एक संप्रेरक राबत असते. ब्रासिनोस्टेरॉइड गटातील पहिल्या संप्रेरकाची रचना ओळखण्यासाठी 1979 साली शास्त्रज्ञांना मधमाश्यांनी गोळा केलेल्या 227 किलो परागांतून अवघे 4 मिलिग्रॅम द्रव्य मिळाले होते. अंधारातले रोप हे बिघडलेले रोप नाही. ते पान उघडण्याची ओढ क्षणोक्षणी मागे ओढून धरते आणि सगळी शिदोरी उंचीवर लावते.

कपाटातली थाळी मी सकाळी आठला खिडकीत ठेवली आणि दिवसभर तिच्या आसपास राहिलो. दोन-तीन तासांत आकडे सैल पडू लागले. दुपारी बीजदलांच्या कडा एकमेकींपासून सुटल्या आणि पिवळ्यावर अगदी पुसट हिरवी झाक आली, इतकी पुसट की मी दुसरी थाळी शेजारी ठेवून खात्री केली. संध्याकाळपर्यंत बहुतेक टोके सरळ झाली होती. दांडे मात्र सकाळी होते तेवढेच राहिले; खूण करून ठेवलेल्या रोपांची उंची दुसऱ्या दिवशीही फारशी वाढली नाही, आणि तोवर बीजदले हिरवीगार झाली. कडेची चार रोपे थेट कडक उन्हाच्या पट्ट्यात आली होती. ती हिरवी न होता पांढरट पडून मान टाकून बसली. अंधारात रोप हरितद्रव्याच्या अलीकडचे द्रव्य तयार ठेवते आणि शेवटची पायरी प्रकाशाने होते. हे द्रव्य गरजेपेक्षा जास्त साठलेले असेल आणि ऊन एकदम प्रखर आले, तर तेच पेशींना जाळते. त्याचा साठा बेताचा ठेवण्याचे कामही अंधारात पीआयएफ प्रथिनेच करत असतात.

अमेरिकेतील मिशिगन राज्यात विल्यम जेम्स बील यांनी 1879 साली 20 बाटल्या जमिनीत पुरल्या. प्रत्येक बाटलीत ओलसर वाळूत 21 प्रकारच्या वनस्पतींच्या प्रत्येकी 50 बिया होत्या, आणि पाणी साचू नये म्हणून बाटल्यांची तोंडे खाली होती. बिया किती वर्षे दम धरतात हे त्यांना पाहायचे होते. सोळावी बाटली 2021 साली निघाली, आणि तिच्यातील व्हर्बॅस्कम या तणाच्या काही बिया जवळजवळ 142 वर्षांनंतर रुजल्या. बाटली काढायची तर संशोधक पहाटेच्या काळोखात जातात आणि उजेडाची तिरीप पडू न देता खणतात, कारण शेजारी राहिलेल्या बियांना एक झळकही पुरेल. अजून चार बाटल्या तिथे आहेत. पुढची 2040 साली काढायची आहे आणि शेवटची 2100 साली.